तीन सूत उंची

समीक्षा काळुराम म्हात्रे पोलीस भरतीत उंचीला नापास झाली. मुलींना लागतात एकशे पंचावन्न सेंटीमीटर, ती भरली एकशे चोपन्न पूर्णांक आठ. राहिले दोन मिलिमीटर. जाड्या तांदळाचा एक दाणा आडवा ठेवला तर तेवढेच होतात.

तर हे झालेलंच नाही. त्याच दिवशी दिवेलागणीला पुतळी आजीनं ओटीवर बसून जाहीर केलं की आज पेणला काय घडलं नाय, आणि ज्याला घडल्यासारखं वाटत असेल त्यानं तोंडावर पाणी मारून यावं. घरातले सगळे पाणी मारून आले. तेव्हा आपणही वरचा परिच्छेद वाचलेला नाही. समीक्षाची मोजणी अजून व्हायची आहे, आणि ती भरणारच आहे.

फैजल सरांची अकॅडमी पेणला, बंद पडलेल्या एका भातगिरणीच्या आवारात. अकॅडमी म्हणजे एक मैदान, दोन गोळे, उंची मोजायचा एक खांब आणि आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या बावीस मुली. सर स्वतः अठ्ठावीस वर्षांचे. अब्बा आणि दोन्ही चुलते कुवेतला. फैजलनं मात्र व्यायामाचा कोर्स केला आणि इथेच राहिला, हे घरच्यांना इतकं अवघड वाटतं की त्याचा व्हिसा अडकलाय असं ते सहा वर्षं लोकांना सांगतायत.

समीक्षा रोह्याजवळच्या खाडीकाठच्या गावातून सकाळच्या पॅसेंजरनं यायची. पहिल्या दिवशी ती आठशे मीटर पळाली ती तिसरी आली, गोळा सात मीटरवर टाकला. सर खूश होऊन वही काढणार तेवढ्यात त्यांनी तिला बाजूनं बघितलं आणि वही परत ठेवली.

त्यांनी छताच्या वाशावरून एक दोरा सोडला, खाली नट बांधलेला, आणि समीक्षाला त्याच्या शेजारी आडवं तोंड करून उभं केलं. माणूस सरळ उभा असला की कान, खांदा, कंबर, गुडघा आणि घोटा ही पाच ठिकाणं एका दोऱ्यावर येतात म्हणे. समीक्षाचा घोटा दोऱ्यावर होता. बाकीची चार ठिकाणं आपापल्या कामाला निघून गेली होती. मान दोन बोटं पुढे, खांदे आत वळलेले, पाठीला छानपैकी पोक. खांबावर उंची भरली एकशे चोपन्न.

हे असं कधीपासून, सरांनी विचारलं. समीक्षा म्हणाली, सहावीपासून.

सहावीत ती वर्गात सगळ्यांत उंच होती, मुलगे धरून. पुतळी आजीनं धसका घेतला की पोरगी या वेगानं दहावीपर्यंत माडाच्या झावळ्या उभ्यानं काढेल, आणि मग हिला नवरा आणायचा कुठून. तेव्हापासून घरात हुकूम सुटला, वाकून चाल गो. दिवसातून वीस वेळा. समीक्षा गुणी पोर, वाकून चालली. सातवीत तिची उंची थांबली. वर्गातल्या पोरी एकेक करून तिच्या पुढे गेल्या, पण आजीचा हुकूम मागे घ्यायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. स्वतः आजी चाळीस वर्षं मिठागरातून मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहून अशी ताठ की ती बसलेली आहे की उभी, हे लांबून ओळखू येत नाही.

सरांनी दोरा गुंडाळत एकच गोष्ट सांगितली.

"उंची वाढणार नाही. वय गेलं. पण तू थोडी लपवून ठेवलीयस, तेवढी आपण काढू."

समीक्षाचा बाप काळुराम गवंडी, त्यामुळे घरात दोरा आणि नट ही भाषा कोणाला समजावावी लागली नाही. काळुरामनं पिशवीतून स्वतःचा ओळंबा काढला, पितळी, आणि पोरीला दारात उभं करून सोडला. वीस वर्षं भिंती बघणाऱ्या माणसानं वीस वर्षं मुलगी बघितलीच नव्हती. मग त्यानं एक सेंटीमीटरचा हिशोब केला.

"तीन सूत," तो म्हणाला. "तीन सूत तर प्लास्टरमदी निघतात."

आजी मोरीशी भांडी घासत होती. दोष कोणाचा ते तिला पुरतं कळलं होतं, पण ते कबूल करायची तिची पद्धत वेगळी होती. दुसऱ्या दिवशीपासून ती व्यायामाची मुकादम झाली.

पहाटे भिंतीला टाचा, कुल्ले, पाठ आणि डोकं टेकवून उभं राहायचं आणि हात भिंतीवरून वर-खाली सरकवायचे. हनुवटी मागे ओढायची, याला आजी कासव म्हणायची. मग जमिनीवर प्लंबिंगचा पाईप गोधडीत गुंडाळून त्यावर पाठ ठेवून पडायचं, खांदे दोन्ही बाजूंना सैल सोडून. दाराच्या चौकटीला कोपर लावून छाती उघडायची. संध्याकाळी काळुरामच्या साईटवर सेंटरिंगच्या पाईपला लोंबकळायचं, तेव्हा खालचे बिगारी वाळूचं घमेलं खाली ठेवून आकडे मोजायचे. आणि दिवसभर आजीचा आवाज, त्याच सुरात, फक्त उलटा: ताठ चाल गो. वीसऐवजी चाळीस वेळा. आठ वर्षांचं मागचं फेडायचं होतं.

घाई होती त्याला कारण कोलाडपुढच्या खांब गावचं स्थळ. मुलगा हायवेवर टायरच्या दुकानात, बरा होता, उंची बेताची. त्यांना समीक्षा पोकासकट पसंत होती, किंबहुना पोकामुळेच. या भरतीत लागली तर ठीक, नाही तर दिवाळीनंतर सुपारी फोडायची, असं मोठ्यांचं ठरलं होतं. समीक्षाला टायरवाल्याबद्दल राग नव्हता. तिला फक्त खाकी हवी होती, आणि त्याच्याशी उंची जुळावी म्हणून आपण जन्मभर वाकून राहायचं हे तिला पटत नव्हतं.

काळुरामनं मधल्या खोलीच्या भिंतीवर एकशे पंचावन्नची रेघ ओढली, पातळी लावून, लाल पेन्सिलीनं. दर रविवारी समीक्षा तिथे उभी राहायची आणि तो डोक्यावर काटकोनाचा गुण्या धरून बघायचा. पहिला रविवार, तीन सूत कमी. दुसरा, पावणेतीन. चौथ्या रविवारी दोन आणि थोडं. आणि पाचव्या रविवारी समीक्षाचं डोकं रेघेच्या वर गेलं, चांगलं अडीच सूत.

आजीनं पाईपला हळदकुंकू लावलं. आळीत पेढे वाटले गेले. काळुरामनं रेघेवर तारीख घातली, सही केली. शेजारची सीताबाई आपल्या दोन्ही नातवंडांना पाईपवर निजवायला घेऊन आली. तिसऱ्या दिवशी खांबलाही बातमी पोचली, आणि टायरवाल्याच्या आईनं फोन करून घाबरत विचारलं की आता ही वाढायची थांबणार आहे ना.

त्याच आठवड्यात फैजल सरांनी पेणला खांबाशी उभं केलं. एकशे चोपन्न पूर्णांक सहा.

दुसऱ्या दिवशी काळुराम खाडा करून पेणला आला. त्यानं सरांच्या खांबाला ओळंबा लावला, गुण्या लावला, खालची फरशी पातळीनं तपासली. खांब सरळ होता. फरशी सरळ होती. त्यानं सरांचा पट्टा आपल्या टेपशी ताडून बघितला, तोही बरोबर होता. मग त्यानं सरांची माफी मागितली, चहा न घेता गाडी पकडली, घरी येऊन थेट भिंतीवरच्या रेघेला टेप लावला आणि खाली सोडला.

रेघ जमिनीपासून एकशे त्रेपन्न पूर्णांक आठवर होती.

काळुराम तिथेच खाली बसला, आणि बसल्यावर त्याला कळलं की तो कशावर बसलाय. चौथ्या आणि पाचव्या रविवारच्या मधे त्यानं साईटवर उरलेल्या लाद्या आणून मधल्या खोलीतल्या जुन्या कोब्यावर चिकटवल्या होत्या. लादी आणि खालचा मसाला मिळून बारा मिलिमीटर. त्या लाद्यांवरून घरातले सगळे रोज चालत होते, कौतुक करत होते, पाय घसरतो म्हणून कुरकुरतही होते. रेघ पण सगळ्यांना दिसत होती. या दोन गोष्टींची गाठ घालून द्यायला घरात एकही माणूस निघाला नाही, आणि त्यातला एक तर गवंडी होता.

"समे," तो म्हणाला, "तू नाय वाढलीस. घर बुटकं झालंय."

आजी म्हणाली, पेढे वाटलेत, आता लाद्या काढायच्या नायत. समीक्षा दारात उभी राहून ऐकत होती. तिला रडायला आलं होतं, पण रडताना खांदे आत येतात, ते सरांनी बंद केलं होतं. तिनं फक्त विचारलं, किती राहिले.

"सव्वा सूत."

ती भिंतीपाशी गेली, टाचा टेकवल्या आणि हात वर सरकवायला लागली. काळुरामनं जुनी रेघ खोडली, नवी ओढली, आणि खालच्या लादीवर खडूनं लिहून ठेवलं, इथून.

पुढचा महिना तिनं सव्वा सुतावर काढला. खांदे मागे गेले. गोळा सातवरून साडेसातला आणि मग आठला पोचला. छाती उघडली तशी तिसऱ्या फेरीतली धाप कमी झाली. सगळं होत होतं, फक्त दुपारची उंची एकशे चोपन्न पूर्णांक सातच्या वर जायला तयार नव्हती. तेव्हा सरांनी सांगितलं की मणक्यांच्या मधे गाद्या असतात, त्या रात्री झोपल्यावर फुगतात आणि दिवसभर उभं राहून, बसून दबतात, त्यामुळे माणूस सकाळी उंच असतो आणि संध्याकाळी बुटका. आजीला हे ऐकून काहीच नवल वाटलं नाही. मिठाची पाटी उचलणाऱ्या बायकांना हे ठाऊक होतं, ती म्हणाली, सकाळी ज्या दारातून वाकून निघायचो त्याच दारातून संध्याकाळी ताठ आत यायचो.

घरात प्रयोग झाला. अंथरुणातून उठताक्षणी एकशे पंचावन्न पूर्णांक सहा. तासाभरानं एकशे पंचावन्न पूर्णांक एक. त्यानंतर उतरती कळा. आणि भरतीचं मैदान पेणला होतं, घरापासून दीड-दोन तास, पुढे रांग वेगळी.

कोणी ठरवलं ते सांगता येत नाही, पण ठरलं. समीक्षानं उठायचंच नाही.

मोजणीच्या दिवशी उजाडायच्या आधी ती प्लायच्या फळीवर गादी टाकून झोपलेलीच होती. काळुराम, साईटवरचा टेम्पोवाला हरेश आणि दोन बिगाऱ्यांनी फळी चार बाजूंनी उचलली आणि अंगणात आणली. हरेशचा टेम्पो, एरवी वाळू आणि सेंटरिंगच्या प्लेटा वाहणारा. सीताबाई नेमकी सडा घालत होती. चार पुरुष पांढऱ्या चादरीखाली कोणाला तरी पाय पुढे करून नेतायत हे बघून तिनं तांब्या टाकला आणि गळा काढला. तिचं ऐकून पलीकडची निघाली. समीक्षानं मान न उचलता समजावलं की काकी, मी भरतीला चाललेय. सीताबाई म्हणाली, जा बाय, सुखानं जा, आणि रडणं काही थांबवलं नाही.

हरेश खड्डे चुकवत कोलाडमार्गे निघाला. कोलाडला सगळ्यांनी चहा घेतला, समीक्षाला स्ट्रॉनं पाजला. खांबच्या नाक्यावर एका म्हाताऱ्यानं टेम्पो बघून चपला काढल्या आणि हात जोडले. समीक्षाला रीत माहीत होती, कोणी नमस्कार केला तर परत करावा. तिनं झोपल्या झोपल्या हात जोडले. म्हाताऱ्याचं पुढे काय झालं ते कळायला मार्ग नाही, हरेशनं गाडी थांबवली नाही.

मैदानाच्या फाटकावर मात्र उतरावं लागलं. आत उमेदवारानं स्वतःच्या पायांनी यायचं, असा नियम होता आणि तो कोणालाही रास्तच वाटला असता. समीक्षा दोनशे पावलं चालली, शहाण्णव नंबरची चिठ्ठी घेतली, रांगेत आपली जागा बघितली, टॉवेल अंथरला आणि उताणी झोपली.

मागे निडी गावची एक मुलगी होती, किमया. तिनं वाकून बघितलं.

"बरं नाय वाटत का गो?"

"उंची वाचवतेय."

किमयानं विचार केला. तिची उंची कधी एकशे पंचावन्न असायची, कधी नसायची, घरच्या टेपवर अवलंबून. समीक्षानं तिला दोन वाक्यांत मणके, गाद्या, रात्र आणि दिवस सांगितलं. किमयानं ओढणी पसरली आणि झोपली. तिच्या मागचीनं तिला विचारलं. पाव तासात एकतीस मुली आडव्या झाल्या. त्यांतल्या सात-आठ चांगल्या पाच फूट पाच होत्या, पण रांगच झोपलीय म्हटल्यावर आपण उभं राहणं बरं दिसत नाही, असं त्यांना वाटलं. रांग पुढे सरकली की सगळ्या टाचा रोवून पाठीवर सरकायच्या.

मोजणीच्या अधिकारी मॅडम मंडपाबाहेर आल्या आणि त्यांनी आधी ग्लुकोज मागवलं. ऊन लागलं असेल, असा कोणाचाही समज झाला असता. कोणाला काय झालंय, त्यांनी विचारलं. काही नाही मॅडम, एकतीस आवाज जमिनीवरून आले. तेव्हा त्यांनी विचारलं की हे सुरू कोणी केलं.

समीक्षा आभाळाकडे बघत होती. तिच्या पुढे आता सहाच मुली होत्या. हातात तिचे मोजून दोन मिलिमीटर होते आणि उभं राहिलं की ते जायला लागणार होते. गप्प पडून राहिली असती तर मॅडमनी सगळ्यांना उठवलं असतं, आणि दहा मिनिटांत ती खांबाशी पोचली असती. किमयानं डोळे घट्ट मिटून घेतले होते, जणू मिटल्यावर आपण दिसत नाही.

समीक्षा उठली.

"मी, मॅडम."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की तू इकडे टेबलाशी थांब, आधी ही रांग संपवते, मग तुझं बघू, तोवर काय ते लेखी दे. बसायला खुर्चीही दिली. समीक्षानं नम्रपणे नको म्हटलं, सर सांगतात बसल्यावर उभ्यापेक्षा जास्त दबतं. मॅडम स्वतः खुर्चीत सरळ झाल्या.

समीक्षानं लेखी दिलं आणि शेडच्या भिंतीला जाऊन उभी राहिली. टाचा, कुल्ले, पाठ, डोकं. एक तास वीस मिनिटं. समोर एकेक मुलगी जमिनीवरून उठून थेट खांबाशी जात होती. किमया भरली, एकशे पंचावन्न पूर्णांक शून्य. तिच्यासारख्या काठावरच्या आणखी तिघी भरल्या. समीक्षा आकडे ऐकत होती आणि पाठ भिंतीला लावत होती, जितकी लागते त्याहून जास्त.

किमया धावत आली आणि थेट तिच्या पाया पडायला वाकली. समीक्षानं तिला खांद्याला धरून वर उचललं.

"वाकू नको," ती म्हणाली.

मग तिचा नंबर पुकारला. एकशे चोपन्न पूर्णांक आठ. मॅडमनी स्वतः दोनदा मोजलं. तिसऱ्यांदाही मोजलं, ते नियमात नव्हतं.

पुढचं घडलेलंच नाही. आजीनं खांबला निरोप धाडला की मोजणी अजून व्हायचीय, सुपारी तुमच्याकडेच ठेवा. दुसऱ्या दिवशी पहाटे समीक्षा भिंतीपाशी होती. त्या आठवड्यात फैजल सरांनी पुन्हा दोरा सोडला, आणि पाचही ठिकाणं आपापली कामं सोडून दोऱ्यावर आली होती. सरांनी तिला गोळ्यासाठी साडेआठ मीटरचं ध्येय दिलं आणि वही काढली. पुढची भरती कधी निघेल ते कोणाला माहीत नव्हतं. तिच्यासाठी ती निघालेलीच होती. काळुरामनं कोरे कागद आणले, आणि तिनं पाठ ताठ ठेवून, कागद भिंतीला लावून, उभ्यानंच अर्ज लिहिला.

प्रति, मा. अध्यक्ष, भरती समिती. विषय: उंची मोजणीची वेळ व ठिकाण बदलून मिळणेबाबत. महोदय, अर्जदार ही विहित उंचीची असून, सदर उंची रोज सकाळी उठल्यापासून सुमारे एक तासापर्यंत वैध असते. तरी पुढील भरतीवेळी समितीने मोजणीच्या साहित्यासह पहाटे पाच वाजता अर्जदाराच्या राहत्या घरी समक्ष उपस्थित राहावे, अर्जदारास जागे न करता तिची उंची अंथरुणातच आडवी मोजावी, व काठावरच्या इतर सर्व महिला उमेदवारांच्याही घरी त्याच दिवशी, त्याच वेळी जाण्याची व्यवस्था करावी, ही नम्र विनंती.